ऑनलाइन शिक्षणाचे सॉफ्टवेअर : शाळेच्या संगणकात की महाजालावर?

ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शाळेच्या ई-लर्निंग संचासाठी तरतूद करावयाची वेळ येते, तेव्हा सभेपुढे साधारणतः दोन प्रकारचे देकार येतात. पहिल्या प्रकारात संपूर्ण इयत्तेचा अभ्यासक्रम हार्ड डिस्कवर अथवा पेन ड्राइव्हवर भरून दिला जातो. तो शाळेच्या संगणकात एकदा बसविला की पुढे इंटरनेटची आवश्यकता उरत नाही. दुसऱ्या प्रकारात शाळेच्या हाती प्रत्यक्ष काहीच पडत नाही. एका संकेतस्थळाचा पत्ता व संकेतशब्द मिळतो आणि दरवर्षी वर्गणी भरावी लागते. दोन्हींतील चित्रे सारखीच रंगीत असतात आणि दोन्हींचे विक्रेते सारख्याच उत्साहाने बोलतात. अशा वेळी कोणता देकार स्वीकारावा याचा निर्णय पुष्कळदा वक्तृत्वावर होतो. या दोन पद्धतींतील खरा भेद कोणता आणि त्याचा परिणाम वर्गातील मुलावर, शिक्षकाच्या कामावर व शाळेच्या दप्तरावर कसा होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भेद कोठे आहे?

संगणकावर बसविलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पाठ, तो चालविणारी आज्ञावली आणि विद्यार्थ्याने सोडविलेल्या प्रश्नांची नोंद या तिन्ही गोष्टी शाळेतील यंत्राच्या तबकडीवर राहतात. महाजालावरील सॉफ्टवेअरमध्ये त्या दूरच्या सर्व्हरवर राहतात. शाळेतील संगणक ब्राउझरच्या द्वारे त्या मागवितो व दाखवितो. शाळेच्या परिचयातील दृष्टान्त द्यावयाचा तर एक वर्गात ठेवलेली पुस्तकपेटी होय आणि दुसरे तालुक्याच्या गावचे ग्रंथालय. पेटीतील पुस्तके थोडी असतील, फाटकीही असतील, परंतु पाऊस असो वा एस.टी. बंद असो, ती हाताशी असतात. ग्रंथालयात पुस्तके पुष्कळ व नवी असतात, मात्र रस्ता चालू असला पाहिजे.

यांतील पहिली पद्धत जुनी व दुसरी आधुनिक, असा जो समज आहे तो इतिहासाला धरून नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने १९६० साली 'प्लेटो' ही संगणकीय अध्यापन योजना सुरू झाली. तिचा विस्तार झाला तेव्हा एका मोठ्या केंद्रीय संगणकावर पाठ ठेवलेले असत आणि दूरदूरच्या वर्गांतील विद्यार्थी तारेने जोडलेल्या पडद्यांवर ते सोडवीत. म्हणजे आज जिला आपण वेब पद्धत म्हणतो तिचे बीज त्यात होते. पुढे वैयक्तिक संगणक स्वस्त झाले आणि पाठ मेजावर आला. १९९१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब सर्वांसाठी खुले झाल्यावर तो पुन्हा मेजावरून उठून दूर गेला. अशा येरझारा यापुढेही होतील. म्हणून केवळ नवेपणावर भुलून जाण्याचे कारण नाही.

एका सॉफ्टवेअरचे तीन अवतार

मुलांना संगणकीय आज्ञा रचावयास शिकविणारे 'स्क्रॅच' हे सॉफ्टवेअर आपल्याकडील अनेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ते तयार झाले. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेव्हा संगणकावर बसवून घ्यावे लागत असे. २०१३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती ब्राउझरमध्ये चालू लागली. मुलांना आपली रचना तेथेच करता येऊ लागली व इतरांना दाखविताही येऊ लागली. ही सोय मोठी होती. तथापि ज्या शाळांत इंटरनेट नाही त्यांच्यासाठी निराळी ऑफलाइन आवृत्ती कर्त्यांना द्यावीच लागली. दुसरी आवृत्ती 'फ्लॅश' या तंत्रावर उभी होती. ते तंत्र मावळणार हे दिसू लागल्यावर जानेवारी २०१९ मध्ये तिसरी आवृत्ती एचटीएमएल-५ या खुल्या मानकावर नव्याने बांधून काढण्यात आली, आणि तिच्याबरोबरही संगणकावर बसविण्याची आवृत्ती देण्यात आली. ज्यांनी वेब पद्धतीचा सर्वांत उत्साहाने स्वीकार केला, त्यांनाही दुसरी वाट मोकळी ठेवावी लागली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

फ्लॅशची हकिकत येथे थोडी विस्ताराने सांगणे इष्ट होईल, कारण आपल्या शाळांच्या कपाटांत तिचे अवशेष अद्याप पडून आहेत. ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरमध्ये असे पाठ चालेनासे झाले. शैक्षणिक संकेतस्थळांवरील असंख्य पाठ त्या दिवसापासून मुके झाले. सीडीवर मिळालेले जे पाठ ब्राउझरमधील फ्लॅशवर विसंबून होते, तेही बंद पडले. पाठ व तो चालविणारा घटक दोन्ही एकत्र बांधून दिलेल्या सीडी मात्र जुन्या यंत्रांवर चालत राहिल्या. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाने आपले विज्ञानाचे प्रयोग एकेक करून एचटीएमएल-५ मध्ये उतरविले. ते विनामूल्य आहेत, त्यांतील अनेक मराठीतही उपलब्ध आहेत आणि एकेक प्रयोग उतरवून घेऊन इंटरनेटविना चालविता येतो. ज्या निर्मात्यांनी हे कष्ट घेतले नाहीत, त्यांच्या पाठांसाठी भरलेले पैसे वाया गेले. तेव्हा पाठ कोठे ठेवला आहे याइतकेच तो कोणत्या तंत्रावर उभा आहे हेही महत्त्वाचे आहे.

मराठीपुरती आणखी एक अडचण होती. जुन्या काळी संगणकावर बसविलेल्या अनेक सॉफ्टवेअरमधील मराठी मजकूर त्या त्या कंपनीच्या विशिष्ट फाँटमध्ये बद्ध असे. फाँट नसलेल्या यंत्रावर तो निरर्थक अक्षरांचा ढीग दिसे. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासूनच असला तरी आपल्याकडे त्याचा प्रसार फार सावकाश झाला. महाजालावरील सॉफ्टवेअरमुळे युनिकोडचा आग्रह वाढला, हे त्या पद्धतीचे मराठीवरील उपकार म्हणावे लागतील.

वर्गातील हिशेब

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. समजा, एका पाठाची चित्रफीत ५० मेगाबाइट आकाराची आहे आणि ३० मुले आपापल्या टॅबवर ती महाजालावरून पाहू लागली. एकूण १,५०० मेगाबाइट मजकूर शाळेच्या एका जोडणीतून आत यावयास हवा. जोडणीचा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे असे धरले, तर आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने त्यास २० मिनिटे लागतील, आणि तीही जोडणी पूर्ण वेगाने चालली तर. ३५ मिनिटांच्या तासिकेतील निम्म्याहून अधिक वेळ पडद्यावरील फिरते चक्र पाहण्यात जाईल. तीच चित्रफीत शाळेतील एका संगणकावर एकदाच उतरवून ठेवली, तर त्यास ४० सेकंद पुरतात. त्यानंतर कितीही मुलांनी व कितीही वर्षे ती पाहिली, तरी बाहेरून काही आणावे लागत नाही. विक्रेते वेग सांगताना मेगाबिटचा आकडा सांगतात आणि पाठाचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. या दोहोंतील आठपटीचा फरक सभेत फारसा कोणी विचारीत नाही.

घरच्या अभ्यासाचा हिशेब याहून कठीण आहे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग दूरध्वनीच्या पडद्यावर भरू लागले. सेकंदाला सुमारे एक मेगाबिट खर्च करणारा ४० मिनिटांचा एक वर्ग म्हणजे ३०० मेगाबाइट. दिवसाला असे पाच वर्ग झाले, तर दररोज दीड जीबी देणारे रिचार्ज एका मुलातच संपले. घरात दोन भावंडे असतील व दूरध्वनी एकच असेल, आणि तोही वडिलांबरोबर दिवसभर शेतावर वा कामावर जात असेल, तर दोघांपैकी कोणी शिकावे हा प्रश्न त्या घरापुढे येई. बहुधा मुलीचा वर्ग चुके. थेट प्रक्षेपित होणारा पाठ आणि उतरवून घेऊन सवडीने पाहण्याचा पाठ यांतील भेद येथे केवळ तांत्रिक राहत नाही.

मग संगणकावरील पद्धत निर्वेध श्रेष्ठ ठरते काय? तसेही नाही. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांची मुले आईवडिलांबरोबर दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. अशा मुलाने भागाकारापर्यंत केलेली मजल शाळेच्या संगणकात बंद राहिली, तर कारखान्याच्या परिसरातील शाळेत त्यास पुन्हा बेरजेपासून प्रारंभ करावा लागतो. २०१५ पासून राज्यात वापरात आलेल्या सरल प्रणालीमुळे विद्यार्थ्याची नोंद एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाऊ शकते. पण तो काय शिकला याची ई-लर्निंग संचातील नोंद तिच्याबरोबर जात नाही. येथे महाजालावरील नोंद उपयोगी पडते. स्थलांतर हा ज्या गावाचा नित्याचा अनुभव आहे, त्या गावाने या मुद्द्यास इतर सर्व मुद्द्यांपेक्षा अधिक वजन द्यावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

देखभाल कोणी करावयाची?

संगणकावरील सॉफ्टवेअर वीस यंत्रांवर वीस वेळा बसवावे लागते. पाठ्यपुस्तक बदलले की पुन्हा तेच. पेन ड्राइव्हबरोबर व्हायरस येतो. दुरुस्तीस आलेला तंत्रज्ञ संगणक फॉरमॅट करतो आणि वर्षभराच्या गुणांची नोंद त्याबरोबर पुसली जाते. महाजालावरील सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा एकाच ठिकाणी होते व ती सर्व शाळांना तत्क्षणी मिळते. शिक्षकाच्या डोक्यावरील हा भार उतरतो, यात शंका नाही.

परंतु 'ब्राउझर असला की झाले' हे विक्रेत्याचे वाक्य तपासून घ्यावे. केंद्र शासनाच्या आयसीटी योजनेस डिसेंबर २००४ मध्ये प्रारंभ झाला. तेव्हापासून टप्प्याटप्प्याने विविध योजनांतून आलेली यंत्रे जडसंग्रह नोंदवहीत आहेत व त्यांचे निर्लेखन झालेले नाही. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि २०२३ च्या प्रारंभी क्रोम ब्राउझरनेही त्या प्रणालीसाठी नव्या आवृत्त्या देणे थांबविले. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रावर जुना ब्राउझर आणि जुन्या ब्राउझरवर न उघडणारे नवे संकेतस्थळ, अशी ही साखळी आहे. याउलट त्याच यंत्रावर दहा वर्षांपूर्वी बसविलेला गणिताचा पाठ आजही निमूटपणे चालतो.

देखभालीची जबाबदारी कोणी तरी निश्चितपणे घेतली, तर संगणकावरील पद्धत किती चांगली चालू शकते याचे उदाहरण केरळमध्ये आहे. तेथील 'काइट' ही शासकीय संस्था शाळांच्या संगणकांसाठी लिनक्सवर आधारित स्वतःची प्रणाली तयार करते व जिओजेब्रासारखी शैक्षणिक सॉफ्टवेअर तीतच बसवून देते. शिक्षकांस प्रशिक्षण दिले जाते आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' या नावाने विद्यार्थ्यांची मंडळेही शाळाशाळांत चालतात. यंत्रांची निगा राखण्यात मुलांचा हातभार लागतो.

नोंदी कोणाच्या ताब्यात?

पाठ हरवला तर दुसरा मिळतो. मुलाच्या कामाची नोंद हरवली तर ती परत मिळत नाही. 'एडमोडो' ही शिक्षक-विद्यार्थ्यांसाठीची सेवा २००८ मध्ये निघाली व जगभर पसरली. २२ सप्टेंबर २०२२ रोजी ती बंद झाली. गूगलचा 'जॅमबोर्ड' हा फलक अनेक शिक्षकांनी साथीच्या काळात वापरला. तो ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद करण्यात आला. दोन्ही वेळा पूर्वसूचना मिळाली होती. परंतु सूचनेचा ई-मेल ज्या शिक्षकाच्या नावे आला, त्याची बदली होऊन दोन वर्षे लोटली असतील तर तो शाळेपर्यंत कसा पोचणार?

दुसरा धोका गोपनीयतेचा. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या राष्ट्रीय शिक्षणमंचाचा उपयोग आपल्या शिक्षकांनी फार मोठ्या प्रमाणावर केला आहे, व पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेतामुळे तो मुलांपर्यंतही पोचला. जानेवारी २०२३ मध्ये मात्र असे उघडकीस आले की, त्यातील एक साठा सर्व्हरवर संरक्षणाविना राहून गेला होता व त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक होते. शासकीय मंचाच्या बाबतीत असे घडू शकते, तर जिल्ह्याच्या गावातील एखाद्या छोट्या कंपनीच्या सर्व्हरबद्दल अधिकच सावध असावयास हवे. संसदेने २०२३ मध्ये केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे. बालकाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याचे तत्त्व त्यात आहे. शाळांना काही बाबतींत सवलत असली तरी हजेरीपटातील नावे, जन्मतारखा व दूरध्वनी क्रमांक विक्रेत्याच्या हाती सहज देण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

मधली वाट

सुदैवाने या दोन पद्धतींतूनच एकीची निवड करावी लागते असे नाही. सर्व्हर दूर असण्याऐवजी शाळेतच ठेवला, तर दोहोंचे बरेचसे लाभ मिळतात. एक संगणक, त्यास जोडलेला एक वाय-फाय राउटर आणि मुलांचे टॅब इतकीच सामग्री लागते. मुले ब्राउझरमधूनच पाठ उघडतात, परंतु तो येतो पलीकडच्या खोलीतून. 'कोलिब्री' हे विनामूल्य सॉफ्टवेअर याच हेतूने तयार झाले. त्याचा पूर्वावतार 'केए लाइट' २०१२ चा. 'किविक्स'च्या साहाय्याने संपूर्ण मराठी विकिपीडिया शाळेच्या संगणकात ठेवता येतो. ऑस्ट्रेलियात मार्टिन डूगियामास यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेले 'मूडल' शाळेतील सर्व्हरवर चालविता येते, आणि त्याच्या मोबाइल ॲपवर उतरवून घेतलेल्या पाठातील उत्तरे जोडणी मिळताच वर पाठविली जातात. दीक्षाच्या ॲपमध्येही पाठ उतरवून ठेवण्याची सोय आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील पाठ तर इंटरनेटविना शिकता यावेत अशाच बेताने रचलेले असून त्यांतील अनेकांचे निवेदन मराठीत आहे.

सर्व्हर म्हणून लॅपटॉप वापरला तर वीज गेल्यावरही तो बॅटरीवर काही काळ चालतो. राउटरला मात्र छोटा बॅकअप द्यावा लागतो. नवे पाठ आणण्यासाठी शाळेत कायमची जोडणी असलीच पाहिजे असेही नाही. ज्या ग्रामपंचायत कार्यालयात भारतनेटची जोडणी चालू आहे, तेथे आठवड्यातून एकदा तो लॅपटॉप नेऊन पाठ उतरवून घेता येतात व नोंदी वर पाठविता येतात. पंचायत सदस्यांनी मनावर घेतल्यास यासाठी स्वतंत्र खर्चाची गरज नाही. कार्यालयाची किल्ली ठरल्या दिवशी शिक्षकास मिळाली म्हणजे पुरे.

या मार्गाचा दोष एकच, पण तो मोठा आहे. हौशी शिक्षकाने उभारलेली व्यवस्था त्याच्या बदलीनंतर कपाटात जाते. म्हणून शाळेतील किमान दोन शिक्षकांना ती चालविता आली पाहिजे, आणि बदलीच्या वेळी द्यावयाच्या कार्यभार यादीत खुर्च्या व घड्याळाबरोबरच सर्व्हरचा संकेतशब्द व नोंदींच्या प्रतीचा ठावठिकाणा यांचा उल्लेख असला पाहिजे. सेवेची नोंदणीही शिक्षकाच्या वैयक्तिक ई-मेलवर न करता शाळेच्या ई-मेलवर करावी.

देकार स्वीकारण्यापूर्वी

प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या लॅपटॉपवर न पाहता शाळेच्या सर्वांत जुन्या संगणकावर पाहावे. पाठ चालू असताना इंटरनेट बंद करून काय होते ते पाहावे. एका मुलाऐवजी वर्गातील सर्व मुलांना एकाच वेळी पाठ उघडावयास सांगावे. त्यानंतर विक्रेत्यास दोन गोष्टी तेथल्या तेथे करून दाखविण्यास सांगाव्या. एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या नोंदी साध्या तक्त्यात, युनिकोड मराठीत, पेन ड्राइव्हवर उतरवून द्याव्यात. आणि त्या विद्यार्थ्याचे नाव सर्व्हरवरून कायमचे काढून टाकावे. या दोन्ही गोष्टी करारनाम्यात अटी म्हणून लिहून घ्याव्यात आणि अखेरच्या हप्त्याचे देयक त्या पूर्ण झाल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला मिळाल्यावरच मंजूर करावे.